सावंतकाकांचा ससा

सावंतकाकांनी माझा स्वेटर माझ्या अंगावर असताना उसवला. तोही सोसायटीच्या सत्यनारायणाला, भर आरतीत. आम्ही मरोळला, आरे कॉलनीच्या कडेला राहतो. जानेवारीत दहा-बारा दिवस थंडी पडते आणि तेवढ्यात आम्ही कपाटातले स्वेटर मिरवून घेतो. माझा नवा होता, ऑनलाइन मागवलेला. टाळ्या वाजवताना कमरेपाशी कोणीतरी गुदगुल्या केल्यासारखं वाटलं. मागे वळून बघते तर काका उभे, डोळे आरतीकडे आणि हातात माझ्या स्वेटरचा धागा. चांगला दोन हात लांब.

"काका, काय करताय?"

"टाको सुटलेलो," काका शांतपणे म्हणाले. "रिजेक. हडे दी, सगळो उसवूया आणि परत घालूया."

प्रसाद हातात पडेपर्यंत स्वेटर बेंबीच्या वर गेला होता. आठ दिवसांनी काकांनी तो नव्याने विणून आणून दिला. आधीपेक्षा बरा झाला होता हे मला कबूल करावं लागलं, आणि कबूल करणं मला आवडत नाही.

काका मूळचे कणकवलीकडचे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात, स्वेटरच्या कारखान्यात, एकतीस वर्षं चेकर होते. मशीनवरून उतरलेला स्वेटर दिव्यासमोर धरायचा, खोट शोधायची, सापडली की तिथे लाल धागा बांधायचा आणि म्हणायचं, "रिजेक." गाळा बंद होऊन अठरा वर्षं झाली. तिथे आता मोबाईलच्या फुटलेल्या काचा बदलून देतात. काकांच्या डोळ्यांना मात्र हे कोणी कळवलेलं नव्हतं. भाजीवालीचे टोमॅटो रिजेक, लिफ्टमधला आरसा रिजेक, सेक्रेटरीचं भाषण तर उभं राहायच्या आधीच रिजेक. माझ्या भाचीला सांगून आलेल्या मुलाचा फोटो मी कौतुकाने दाखवला. काकांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "एका बाजून जास्त हसता. धुतल्यार ओढ घेतलो."

हाताने विणायला ते कारखान्यातल्या फिनिशिंगच्या बायकांकडून शिकले. पुरुषमाणूस खाली कट्ट्यावर बसून क्रोशाची सुई चालवतो म्हणून सुरुवातीला मुलं हसायची. मग त्यांच्या क्रिकेटच्या बॅटींना कव्हरं मिळाली आणि हसणं थांबलं. वॉचमनच्या थर्मासला कव्हर आहे. वॉचमनच्या शिट्टीलाही आहे, त्यामुळे ती आता वाजत नाही. पण काकांच्या स्वतःच्या घरात विणलेली एकही वस्तू शिल्लक नाही. काकू जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. सकाळी विणायचे, संध्याकाळी त्यात खोट सापडायची, मग उसवायचे. मी एकदा चिडून विचारलं की असं करून मिळतं काय? काका म्हणाले, "दिवस जाता."

हा कट्टा तळमजल्यावरच्या फिलूआंटीच्या खिडकीखाली आहे. फिलूआंटी म्हणजे फिलोमिना, मरोळच्या जुन्या गावठाणातल्या. नवरा गेल्यावर सतरा वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये आल्या. आल्या दिवसापासून त्यांचं आणि काकांचं भांडण सुरू झालं. काका बाहेर कट्ट्यावर, आंटी आत ग्रिलमागे. विषय रोज नवा: पापलेटाचे डोळे, पाण्याची टाकी, कोकणातले आंबे की वसईची केळी. चार वाजले की आंटी ग्रिलमधून चहाचा कप बाहेर काढायच्या, काका तो पिऊन साखरेवरून नावं ठेवायचे आणि कप परत आत जायचा. सोळा वर्षांत काकांनी आंटीच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. कोणी ठेवू नका म्हटलं होतं असं नाही. आंटी एकट्या, पुढे काकाही एकटे, लोक काय म्हणतील, एवढंच असावं.

दीड-दोन वर्षांपूर्वी चहा उलट्या दिशेने जायला लागला. काका घरून थर्मास घेऊन उतरायचे आणि ग्रिलमधून अर्धा कप आत द्यायचे. "फिलूबाय, तुजी च्याय रिजेक. आजपासून माजी." आंटीने आठ दिवस त्यांचा उद्धार केला. आम्ही सगळे हसलो. खरं कारण मला फार उशिरा कळलं. आंटीच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला होता. सगळ्या जगाची खोट चारचौघांत बोलून दाखवणाऱ्या माणसाने ही एक खोट पाहिली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही.

मला ती आंटीनेच दाखवली, गेल्या वर्षी, ईस्टरला पाच आठवडे असताना. मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. टेबलावरचा चमचा आपोआप वाजायला लागला.

"डॉक्टरला दाखवलं?"

"गोळ्या हायेत. थांबत नाय."

"मेल्विनला सांगितलंत?"

"तू सांगशील तर याद राख."

मेल्विन आंटीचा एकुलता एक मुलगा, ऑस्ट्रेलियात असतो. वाईट मुलगा नाही, हीच पंचाईत होती. वाईट असता तर आंटीने चार शिव्या घालून विषय संपवला असता. नाताळात आला होता तेव्हा तो त्यांचे हात हातात घेऊन म्हणाला होता, "मम्मी, तुला एकटीला जमत नाही असं मला दिसलं, की त्याच दिवशी मी तुझी वसईच्या होममध्ये सोय करणार. तिथे सिस्टर्स आहेत, डॉक्टर आहे. मला तिकडे झोप लागायला हवी." तेव्हा हात नेमके गोळीच्या जोरावर शांत होते. होम चांगलं आहे. आंटीची थोरली बहीण तिथेच वारली. आंटी तिला भेटून यायच्या आणि दोन दिवस कोणाशी बोलायच्या नाहीत. "तिथं सगळं साफ असतं," एवढंच एकदा म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर मेल्विनला दिसायचा तो फिरता पंखा आणि आंटीचं अर्धं कपाळ, दोन्ही गदगदा हलणारं. "मम्मी, नेटवर्क खराब आहे." "हो रे बाबा, आपल्या मरोळला रेंजच नाय!" विमानतळ हाकेच्या अंतरावर, डोक्यावरून मेट्रो, आणि रेंज नाही. मेल्विनचा विश्वास बसायचा. लांब राहणाऱ्या माणसाला विश्वास ठेवणं सोयीचं असतं.

मग झोईचा मेसेज आला. झोई म्हणजे मेल्विनची मुलगी, नऊ वर्षांची. तिने एक फोटो पाठवला होता: क्रोशाने विणलेला मोबाईलचा स्टँड. पांढरा ससा बसलाय, पायाशी रंगीत अंडी, आणि सशाच्या पुढच्या दोन पंजांत फोन उभा. डॅडी सांगतो की गावठाणात ग्रॅनीइतकं चांगलं क्रोशाकाम कोणाचं नव्हतं, तर ग्रॅनीने हा ससा स्वतःसाठी विणावा, ईस्टरला त्यात फोन ठेवावा, आणि सगळ्यांनी एक तास एकत्र जेवावं.

एक तास! आणि विणलेला ससा! आंटीच्या हातात सुईसुद्धा ठरत नव्हती. मी अंधेरी स्टेशनबाहेरून प्लास्टिकचा एक स्टँड आणला. आंटीचा हात टेबलाला लागला की तो चालायला लागायचा. शिवाय तो ससा नव्हता.

मी फोटो घेऊन कट्ट्यावर गेले. काकांनी चष्मा कपाळावर ढकलून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हो ससो. ही अंडी कोणाची?"

"सशाचीच. ईस्टरची."

"ससो अंडी घालता?" काकांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच घातलीत. "माका येडो समाजलंस?"

ग्रिलमागून आंटी ओरडल्या, "घालत नाय रे सावंत! आणतो! पोरांसाठी लपवून ठेवतो."

"आणता? खंयसून?"

"कोंबडीकडून."

"तिका विचारून?"

आंटीचे सत्तर ईस्टर झाले, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"मगे चोर असा तो," काका म्हणाले. "चोराक मी विणूचंय नाय."

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी काकांनी सुईवर पहिल्या टाक्यांची साखळी घातली. ससा होणार, अंडीही होणार, पण मागच्या बाजूला अंड्यांची आई बसलेली असणार, या अटीवर. आंटीने अट मान्य केली, कारण दिवस चालले होते.

पहिला ससा मुंगसासारखा झाला. उसवला. दुसरा ससा झाला, पण फोन ठेवताच तोंडावर आपटला. उसवला. वर्सोव्याच्या ओळखीच्या कोळ्याकडून काका जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या घेऊन आले आणि त्या सशाच्या बुडात भरल्या. कानांत छत्रीच्या काड्या घातल्या. पाठीत चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा घातला. पांढरी लोकर कपाटात होती. कानांच्या आतली गुलाबी लोकर मात्र मी ओळखली, काकू थंडीत त्या रंगाचा कार्डिगन घालायच्या. तिसरा आणि चौथा ससाही उसवला गेला. चौथ्यात मला काही वावगं दिसत नव्हतं. "हलता," काका म्हणाले. फुंकर मारून दाखवली. फोनची वरची कड केसभर हलली असेल.

एरवी दिवस जावा म्हणून उसवणारा माणूस आता दिवस मोजून उसवत होता. संध्याकाळी कट्ट्यावर दिवा लागला तरी सुई चालू असायची. ग्रिलमागून आंटी टाके सांगायच्या: "इथं दोन खांब एकात घे... कान जरा पाठी." सोळा वर्षांत दोघांचं कशावर एकमत झालं नव्हतं, ते त्या सशाच्या कानावर झालं.

गुड फ्रायडेच्या दुपारी पाचवा ससा तयार झाला. आंटी चर्चला गेल्या होत्या. काकांनी ससा जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली धरला, फिरवला, उलटा केला. मागे पिवळी कोंबडी होती, गंभीर चेहऱ्याची. ससा थोडा ओशाळल्यासारखा दिसत होता. मी त्या एका शब्दाची वाट बघत उभी राहिले.

"ऱ्हवांदे," काका म्हणाले. राहू दे. एकतीस वर्षांत कुठल्या स्वेटरला एवढं मोठं सर्टिफिकेट मिळालं असेल असं मला वाटत नाही.

शनिवारी तालीम झाली. मी जिन्यातून व्हिडिओ कॉल लावला, काका खिडकीतून सूचना देत होते. हात मांडीवर, मांडीवर शाल. चहा प्यायचा नाही, पाणी प्यायचं नाही, केस मागे सारायचे नाहीत. चर्चमधून येऊन जेवले असं सांगायचं, म्हणजे काटा-चमचा उचलायला नको. झोईने विणताना दाखव म्हटलं तर सुया गावठाणातल्या मैत्रिणीकडे आहेत म्हणायचं. तीन वेळा तालीम केली. तिन्ही वेळा पडद्यावर आंटी देवळातल्या मूर्तीसारख्या स्थिर. हातांनी होणारं प्रत्येक काम आम्ही मोजून काढलं होतं.

रविवारी अकरा वाजता काका आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. कट्ट्यावर न बसता दारातून आत आले, चपला बाहेर काढून. सोळा वर्षांत पहिल्यांदा. कुठे बसावं त्यांना कळेना. आंटीने आपल्या उजव्या हाताच्या खुर्चीकडे मान हलवली. मी समोर, फोनच्या पाठीमागे, कोंबडीच्या बाजूला. सशाचा फोटो सकाळीच झोईला गेला होता.

कॉल लागला.

"मम्मी! आज किती क्लिअर दिसतेस!" मेल्विन ओरडला. "नेटवर्क सुधारलं वाटतं!"

"नवा टॉवर लावला," आंटी म्हणाल्या. हे तालमीत नव्हतं. मी हसू दाबलं.

झोईने विचारलं की ग्रॅनी, मागे कोंबडी का? आंटी म्हणाल्या, "मग अंडी कोणाची?" आणि काकांची मान ताठ झाली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. झोईच्या शाळेचं, मेल्विनच्या ऑफिसचं, सुनेच्या बागेतल्या टोमॅटोंचं बोलणं झालं. फोन एका जागी, चित्र एका जागी. शालीखाली काय चाललं होतं ते फक्त काकांना आणि मला दिसत होतं. मला वाटलं, जमलं.

मग तिकडे जेवण टेबलावर आलं आणि मेल्विन म्हणाला, "झोई, प्रेअर."

हे काम आमच्या हिशेबात नव्हतं. काकांना आणि मला ते माहीत नव्हतं, आणि आंटीला ते हाताचं काम वाटतच नव्हतं. सत्तर वर्षं प्रार्थनेआधी जो हात आपोआप कपाळाला जातो, तो शाल बाजूला सारून वर आला. आंटीचे डोळे मिटलेले. बोटं कपाळापाशी पोचली आणि चष्म्याच्या काडीवर टकटक वाजू लागली. हात खाली उतरेना, पुढेही सरकेना. आणि फोन तसूभरही हलत नव्हता. शिसं भरलेला, पाच वेळा विणलेला ससा आपलं काम चोख करत होता. झोई प्रार्थना म्हणत होती. मेल्विनचे डोळे उघडे होते.

तेव्हा काकांचा हात पुढे गेला. मी नको नको म्हणून मान हलवली, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी आंटीचं मनगट धरलं. टकटक थांबली. तो हात त्यांनी कपाळाला टेकवला, तिथून सावकाश छातीपाशी आणला. आणि अडले. क्रूस कसा काढतात हे त्यांनी लांबून पाहिलं असेल, पण पुढचा खांदा कुठला हे कुठे ठाऊक असणार!

"आता खंय?" काकांनी हळूच विचारलं.

"डावीकडे," आंटी म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

काकांनी हात डाव्या खांद्याला नेला, मग उजव्या. झोईने आमेन म्हटलं.

तिकडे कोणी जेवायला सुरुवात केली नाही. मेल्विन म्हणाला, "मम्मी, कधीपासून?"

आंटी म्हणाल्या, "हॅपी ईस्टर, बाबा."

"आणि तो हात कोणाचा आहे?"

"सावंत. वरचा."

मेल्विन मे महिन्यात आला. भांडला नाही, रागावला नाही. काकांचे दोन्ही हात धरून थँक यू अंकल म्हणाला, ते मला शिवी दिल्यासारखं ऐकू आलं. आंटीची एक बॅग, एक देव्हारा आणि ससा, एवढं गाडीत गेलं. गाडी गेल्यावर काका कट्ट्यावर येऊन बसले. खिडकीच्या काचा आतून लावलेल्या होत्या.

मी शेजारी बसले. हे सगळं जुळवून आणणारी मीच.

"माजा काम चुकला," काका म्हणाले.

"तुमचं काय चुकलं? इतका सुंदर झाला होता."

"थोडो हलाक होयो होतो."

हलला असता तर मेल्विन पुन्हा म्हणाला असता, नेटवर्क खराब आहे. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्यानंतर आजवर काकांच्या हातात सुई दिसलेली नाही. भाजीवाली कसलेही टोमॅटो त्यांच्या पिशवीत घालते आणि ते घेऊन जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

रविवारी मात्र ते वसईला जातात. मागच्या महिन्यात मीही गेले. होम खरंच खूप साफ आहे. आंटी वाळल्यात आणि हात आता आणखी हलतात. दोघं फारसं बोलले नाहीत, भांडले तर नाहीतच. बारा वाजता जेवणाची घंटा झाली तशी काका उठले आणि न सांगता आंटीच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले. सगळ्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. काकांनी आंटीचं मनगट धरलं. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. त्यांना आता विचारावं लागलं नाही.

प्रार्थना संपली, बाकीच्यांचे हात ताटाकडे गेले. या दोघांचे हात टेबलावर तसेच एकमेकांत राहिले. सिस्टर आमटीचा डाव घेऊन उभी होती. ती आधी पुढच्या टेबलावर वाढायला गेली.